खताच्या डब्यात अळ्या झाल्यात, बंद करू का?

प्रश्न: ताई, आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. छत्तीस घरांची सोसायटी, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. संक्रांतीला मोठ्या हौसेनं मातीचा तीन मडक्यांचा खतडबा आणून गॅलरीत ठेवला. मेपर्यंत सगळं छान चाललं. पाऊस सुरू झाला आणि डब्याला वास यायला लागला. झाकण उघडलं की चिलटं तोंडावर येतात आणि आता तर आत अळ्या वळवळताना दिसतात. खालच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली, त्यावर सेक्रेटरींचा ‘सभासदांनी सहकार्य करावे’ असा मेसेज आला. सासूबाई म्हणतात, उकिरडा परसात असतो, घरात नव्हे. ह्यांचं म्हणणं, कचरा न्यायला रोज माणसं येतात, आपण पैसे भरतो, देऊन टाक. आठवीतल्या लेकीला मात्र सगळं जग वाचवायचंय. तिला बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, सगळं नवं हवंय. मी मधल्या मध्ये अडकलेय. डबा बंद करू का? आणि खरं सांगा, एका घरानं करून काही होतं का?
– कर्वेनगरची एक वाचक

उत्तर: डबा बंद करू नका. आज मात्र त्यात नवं काही टाकू नका, चार-पाच दिवस ओला कचरा खाली देऊन टाका. तुमचं फार काही बिघडलेलं नाही. उन्हाळ्यात जे करत होतात तेच पावसाळ्यातही करत राहिलात, एवढंच. एप्रिल-मेमध्ये मातीचं मडकं आतली ओल बाहेर सोडतं. जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते की मडक्याचं काही चालत नाही. भाजीच्या देठांत, काकडीच्या सालांत पाणीच पाणी. ते आत साठलं की हवा कोंडते, हवेवर जगणारे जंतू मागे पडतात आणि बिनहवेचे जंतू जोर धरतात. तुम्हाला येतोय तो वास त्यांच्या कामाचा. नीट चाललेल्या खताला असा वास येत नाही.

आधी नाक वापरा. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर पाणी जास्त झालंय. डोळ्यांत झोंबणारा, न धुतलेल्या मुतारीसारखा वास असेल तर हिरवा माल, म्हणजे भाजीची देठं-सालं, जास्त आणि सुका पाला कमी पडतोय. बहुतेक घरांत दोन्ही एकदम झालेलं असतं, आणि सुदैवानं दोन्हींवर औषध एकच आहे: सुकं घाला आणि ढवळा.

पाऊस उघडलेला दिवस बघा. गॅलरीत जुनं बॅनरचं कापड किंवा गोणपाट अंथरा, हातमोजे घाला आणि वरचं मडकं त्यावर चक्क उपडं करा. गचगचीत, काळपट लगदा निघेल. गुठळ्या हातानं किंवा खुरप्यानं फोडा. मूठभर लगदा घट्ट दाबून बघा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर जेवढा लगदा आहे तेवढाच सुका पाला, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) त्यात कालवा. परत दाबून बघा. मग मडक्याच्या तळाला चार बोटं नुसता सुका पाला, त्यावर कालवलेला माल सैल हातानं, वर पुन्हा इंचभर सुकं. ठोकून, दाबून बसवायचं नाही, आत हवा खेळू दे. आंबट ताकाचा हबका मारा किंवा जुन्या खताची ओंजळभर घाला, काम लवकर सुरू होईल. मडकं भिंतीपासून वीतभर पुढे आणि पावसाचे शिंतोडे लागणार नाहीत असं ठेवा. दोन दिवसांनी पुन्हा हलवा. वास दोन-तीन दिवसांत उतरायला लागतो.

आता अळ्या. भिंग घ्यायला नको, पण जरा वाकून बघाच. बारीक, पांढऱ्या, मऊ असतील तर त्या माशांच्या. शिजलेलं अन्न उघडं राहिल्याची ही खूण. भुरकट, चपट्या, अंगावर वळ्या असलेल्या, चिवट कातडीच्या आणि चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या असतील तर त्या ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ नावाच्या माशीच्या. ही माशी ना चावते, ना तुमच्या पानातल्या पोळीवर येऊन बसते. तिच्या अळ्या मात्र हपापल्यासारखा कचरा खातात. कचरा जिरवायला लोक त्या मुद्दाम पाळतात. डब्यात त्या फुकट आल्यात, त्यांना राहू द्या. माल कोरडा झाला की आपण होऊन कमी होतात. तुमच्या पत्रावरून कुठल्या आहेत ते कळत नाही, पण उपाय बदलत नाही. झुरळांचा फवारा, फिनेल, चुना यातलं काहीही ओतू नका. त्यानं अळ्या मरतील आणि त्यांच्याबरोबर तुमचं खतही. मूठभर निंबोळी पेंड भुरभुरवली तर चालेल. चिलटांची अंडी बहुतेकदा केळ्याच्या आणि आंब्याच्या सालांवरूनच घरात येतात. त्यामुळे सालं टाकल्या टाकल्या वर सुकं पसरायचं, संध्याकाळपर्यंत उघडी ठेवायची नाहीत. उलट डब्यात मुंग्या दिसल्या तर माल फार सुकलाय असं समजा आणि पाण्याचा हबका मारा. हे अर्थात दिवाळीनंतर, आत्ता नाही.

पुढे रोजचं माप काय ठेवायचं? पुस्तकं सांगतात, एकूण मालात कार्बन (तो सुक्या पाल्यात जास्त) नायट्रोजनच्या (तो हिरव्या मालात जास्त) पंचवीस-तीस पट हवा. स्वयंपाकघरात हे कोण मोजणार! एक वाटी ओला कचरा तर वर एक ते दीड वाटी सुका पाला, पावसाळ्यात दोन वाट्या. एवढं जमलं की निम्मी लढाई संपते. खतडबा विकणारे लोक विरजणाची पुडी, एन्झाइमची बाटली असं बरंच काही गळ्यात मारतात, पण सुका पाला बाटलीत भरून विकता येत नाही म्हणून त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

पाला कुठला आणायचा हेही सांगते. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांची बारीक पानं सगळ्यात उत्तम, चुरायलाही लागत नाहीत. बदामाची पानं फाडून घाला. सोसायट्यांच्या कडेला ओळीनं लावलेला तो उंच सरळसोट अशोक असतो ना, त्याची चिवट पानं लवकर कुजत नाहीत, ती नकोत. आत्ता पावसात कोरडा पाला मिळायचा नाही. तोवर कोकोपीटची वीट, अंड्यांचे कागदी ट्रे, पुठ्ठ्याचे तुकडे यांवर भागवा. सुताराकडचा भुसा चालतो, पण साध्या लाकडाचा. प्लायवुड आणि एमडीएफच्या भुशात डिंक-रसायनं असतात.

काय टाकायचं नाही हे थोडक्यात: शिजलेलं अन्न, मासळीचे काटे, मटणाची हाडं, दूध, तेलकट रस्सा. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या आणि मक्याची बुरकुंडं अख्खी टाकली तर वर्षभर डब्यात तशीच भेटत राहतात. चहाचा चोथा, अंड्याची चुरलेली टरफलं, कांद्या-लसणाची सालं, हारातली फुलं बेलाशक घाला. हारातला दोरा आणि तो चकचकीत जिलेटिनचा कागद काढून. असं चाललं तर दीड-दोन महिन्यांत, थंडीत जरा जास्त दिवसांत, खालच्या मडक्यात काळं, भुसभुशीत खत मिळेल. कुंडीतल्या मातीत चौथा हिस्सा पुरे. नुसत्या खतात रोप लावू नका.

सासूबाईंचं बोलणं मला पटतं. त्यांना उकिरडा माहीत आहे, आणि तुमच्या डब्यात जे नव्हतं ते सगळं त्या उकिरड्यात होतं. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, गुरांनी खाऊन उरलेला कडबा, अंगण झाडून निघालेला पाचोळा. भाजीची देठं त्यात चिमूटभर. म्हणून कोणी ताक शिंपडलं नाही की माप काढलं नाही, तरी पाडव्याच्या सुमाराला गाडीभर खत निघायचं. आता घरात पाचोळा उरला नाही आणि नुसती देठं उरली. एकदा त्यांच्यासमोर मडकं उपडं करा आणि ‘काय कमी पडतंय हो यात?’ असं खरोखर विचारा. खुशामत म्हणून नव्हे, त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं कळेल म्हणून. डब्याचा ताबा त्यांनी घेतला तर घेऊ द्या. शिजलेलं अन्न त्यात टाकायचं नाही हा नियम त्या तुमच्यापेक्षा कडक पाळतील.

ह्यांचं ‘देऊन टाक’ हे मात्र मला तितकंसं पटत नाही, आणि त्याचं कारण पैशाशी निगडित नाही. आपण दिलेला कचरा जातो कुठे, हे पुण्याच्या माणसाला माहीत असायला हवं. सासवड रस्त्यावर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं आहेत. वर्षानुवर्षं या शहराचा कचरा तिथे जाऊन पडला. ओला कचरा कुजून त्यातून जे काळं पाणी पाझरतं ते जमिनीत मुरलं, विहिरी वापरायच्या लायकीच्या राहिल्या नाहीत, लोक टँकरवर आले. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि जवळजवळ तीन आठवडे शहरात कचऱ्याचे ढीग साचले. तेव्हा नाकाला रुमाल लावून चाललेले आपण सगळेच होतो. गॅलरीतला वास काकूंना चार दिवस सोसवला नाही. त्या गावांनी तो दशकानुदशकं सोसला. त्यानंतर शहरात बऱ्याच सुधारणा झाल्या, नाही असं नाही, पण कोणी कुठेही नेलं तरी ओला आणि सुका एकत्र झालेला कचरा कोणाच्याच कामाचा राहत नाही. न खताच्या, न भंगाराच्या.

आणि तो निवडतं कोण? पुण्यात कचरावेचकांची संघटना, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’, १९९३ सालची. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला लागली. ढकलगाडी घेऊन येणाऱ्या ताई सुका कचरा हातानं निवडतात आणि विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग असतो. तुमच्या पुठ्ठ्यावर आमटी सांडलेली असली की त्यांचे तेवढे पैसे बुडाले. ह्यांना एवढंच सांगा की महिन्याला भरतो ते पैसे कचरा उचलायचे आहेत, आपली खरकटी पिशवी दुसऱ्यानं हातानं चिवडायचे नव्हेत. याच बायकांनी सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, म्हणजे पुडी उघडायची वेळ येऊ नये. एक लाल स्केचपेन बाथरूममध्ये ठेवायला किती खर्च येतो? लेकीला सांगा, पहिलं काम हेच.

लेकीच्या बांबू-ब्रशबद्दल विचारलंत. घरातले प्लॅस्टिकचे ब्रश झिजू द्या, मग बांबूचा आणा, माझी ना नाही. मात्र चांगला वापरातला ब्रश फेकून पर्यावरणाच्या नावानं नवा आणला तर कचऱ्यात एकाची भरच पडली. स्टीलच्या स्ट्रॉचं मला नेहमी नवल वाटतं. मराठी घरात स्ट्रॉनं रोज कोण काय पितं? पेल्याला तोंड लावायची आपली जुनी रीत आहे. कापडी पिशव्यांचंही तेच. प्रत्येक लग्नात, प्रत्येक दुकानात एक मिळते, कपाट भरतं, आणि भाजीला जाताना हात हलवत जातो. राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवरची बंदी २०१८ पासून आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दंड पाच हजार रुपये, तरी कोथिंबिरीची जुडी पातळ पिशवीत घालून हातात येतेच. कारण आपण ती घेतो. दोन पिशव्या गाडीच्या डिकीत, एक पर्समध्ये, बाकीच्या वाटून टाका. पोरीचा उत्साह दुकानाकडून घराकडे वळवता आला तर बघा. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्म्या आया हेच लिहितात की मुलं पर्यावरणाच्या नावावर खरेदीच सांगतात. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांना हिरवं म्हणून जे दाखवलं जातं ते बहुतेक विकायलाच ठेवलेलं असतं.

तिच्यासाठी एक नेमकं काम देते. दुधाची पिशवी कापताना आपण कोपरा कापून टाकतो. तो नखाएवढा तुकडा सिंकमधून गटारात जातो किंवा ओल्या कचऱ्यात मिसळतो, आणि एकदा मिसळला की कोणीही निवडू शकत नाही. तुमच्या खतातही तो सापडला असेल, बघा. कापताना कात्री शेवटपर्यंत न्यायची नाही, कोपरा पिशवीला लटकत ठेवायचा. मग पिशवी विसळायची, दोरीवर वाळवायची आणि महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याला द्यायची. आठवीतल्या मुलीनं घरातल्या तीन मोठ्या माणसांना ही सवय लावून दाखवावी. बांबूच्या ब्रशपेक्षा अवघड आहे.

‘एका घरानं काय होतं’ याचं उत्तर हिशेबानं देते. चार माणसांच्या घरात रोज पाऊण किलो ओला कचरा धरा. नक्की किती तो आठवडाभर घरच्या वजनकाट्यावर तोलून बघा. वर्षाला पावणेतीनशे किलो झाला. तो ढिगाऱ्यात दबून हवेविना कुजला की मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट भारी. भारतातल्या शहरांच्या कचऱ्यात वजनानं निम्म्याच्या आसपास वाटा या ओल्या कचऱ्याचाच असतो. तुमच्या पावणेतीनशे किलोंनी पृथ्वी थंड होणार नाही. ते फुरसुंगीकडे गेले नाहीत एवढं मात्र नक्की. मला हे कारण पुरतं. तुम्हाला पुरेल की नाही ते तुम्ही ठरवा. आणि कधी आजारपण, पाहुणे, गावी जाणं आलं की आठवडाभर सरळ ओला कचरा वेगळा करून खाली द्या. डब्याचं व्रत करू नका. वेगळा करणं मात्र सोडू नका. ती सवय नाहीच, तो नियम आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांपासून ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणं कायद्यानं बंधनकारक आहे.

राहता राहिल्या खालच्या काकू आणि ग्रुप. ग्रुपवर उत्तर देऊ नका, एक ओळसुद्धा नाही. तिथे लिहिलेलं शंभर जण वाचतात आणि प्रत्येकाला त्यात आपल्यावर टोमणा दिसतो. डबा सुधारला की स्वतः खाली जा, झाला त्रास त्याबद्दल सांगा, आणि त्यांच्या तुळशीला-कुंडीला हवं असेल तर पुढच्या महिन्यात खत देते म्हणा. त्यांची तक्रार खरी होती, हे विसरू नका.

सेक्रेटरींशी बोलाल तेव्हा विषय तुमच्या डब्याचा काढू नका, सोसायटीच्या पालापाचोळ्याचा काढा. छत्तीस घरांचा ओला कचरा एकत्र जिरवायची वेळ यथावकाश येईल. तशी सामायिक टाकी अनेक सोसायट्यांनी बांधली आणि अनेकांची बंद पडली. बंद पडायचं कारण मी पाहिलंय ते बहुतेक ठिकाणी एकच: ढवळायचं काम झाडूवाल्या मावशींच्या गळ्यात मारलं, पगार होता तोच ठेवला. वरचे पैसे द्यायची तयारी नसेल तर टाकीचा विषयच काढू नका. तयारी असेल तर सभेत हेही सांगा की गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल पुनर्भरण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतीच्या सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १० टक्के. प्रकल्प खरोखर चालू हवा, कागदावरचा चालत नाही. सभेत पर्यावरणावर दोन शब्द बोलण्यापेक्षा करसवलतीवर एक वाक्य जास्त ऐकलं जातं.

तोपर्यंत एवढीच परवानगी मागा: फाल्गुनात पानगळ सुरू झाली की आवारातला पाला जाळायचा नाही, मावशींनी तो गोण्यांत भरून ठेवायचा आणि गोणीमागे त्यांना काही पैसे द्यायचे. पुढचा पावसाळा काढायला तुमच्या एका घराला चार-पाच गोण्या होतील, जास्त लोक डबे घेऊ लागले तर जास्त भरा. ठेवायला जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात कोरडी जागा बघा. विजेच्या मीटरजवळ मात्र ठेवू नका. सुका पाला आहे, ठिणगी पुरते.